जुहूचे समुद्रजल आणि आयनांची संहती : एका पाठ्यपुस्तकी उदाहरणाचा पुनर्विचार

०.१ मोलर मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात क्लोराइड आयनांची संहती किती, या प्रश्नास अनेक विद्यार्थी '०.१ मोलर' असे उत्तर देतात. वस्तुतः क्षाराच्या प्रत्येक एककापासून एक मॅग्नेशियम व दोन क्लोराइड आयन मुक्त होत असल्याने ती ०.२ मोलर असते. ही चूक सूत्र लिहून दाखविताच दूर होते. तिच्याहून खोल चूक मात्र गणिती पायऱ्या निर्दोष असूनही घडते आणि तिचे उदाहरण जुहूच्या किनाऱ्यावर सहज उपलब्ध आहे.

एक किलोग्रॅम समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हे सर्व मीठच आहे असे मानल्यास ३५ ÷ ५८.४४ = ०.५९९, म्हणजे सोडियम व क्लोराइड प्रत्येकी ०.५९९ मोल प्रतिकिलोग्रॅम येतात. प्रत्यक्षात सोडियम ०.४६९ व क्लोराइड ०.५४६ मोल असते. उरलेला वाटा मॅग्नेशियम (०.०५३), सल्फेट (०.०२८), कॅल्शियम व पोटॅशियम (प्रत्येकी सुमारे ०.०१०) यांचा आहे. पावसाळ्यात बरणीतील खडेमीठ पाझरते, ते त्यात राहिलेल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळेच. उत्तराची पडताळणी प्रभार-संतुलनाने करावी. द्विप्रभारी आयनांची संहती दुप्पट धरल्यास धनप्रभाराची बेरीज सुमारे ०.६०५ येते. ऋणप्रभाराची बेरीज ०.६०२ भरते व उर्वरित अंतर प्रामुख्याने बायकार्बोनेट भरून काढते. ही पायरी वर्गात सहसा गाळली जाते, हे खेदकारक आहे.

आता प्रयोगाकडे वळू. समजा, उन्हाळ्यात जुहू येथे घेतलेले १० मि.लि. पाणी १०० मि.लि. पर्यंत विरल केले. त्यातील १० मि.लि. द्रावणास पोटॅशियम क्रोमेट दर्शक वापरून ०.०५ मोलर सिल्व्हर नायट्रेट ११.१ मि.लि. लागले. विरल द्रावणाची संहती ०.०५ × ११.१ ÷ १० = ०.०५५५ मोलर, मूळ पाण्याची दहापट, म्हणजे ०.५५५ मोलर. येथे लिटर व किलोग्रॅम यांची गल्लत होऊ नये. घनता १.०२२ धरल्यास ही संहती ०.५४३ मोल प्रतिकिलोग्रॅम, अर्थात १९.२५ ग्रॅम क्लोराइड इतकी होते. (अल्पसे ब्रोमाइडही सिल्व्हरशी अवक्षेप देते व क्लोराइड म्हणूनच मोजले जाते.) तिला १.८०६६ ने गुणल्यास क्षारता ३४.८ मिळते.

एका आयनावरून इतरांचा अंदाज कसा बांधता येतो? 'चॅलेंजर' मोहिमेतील ७७ नमुन्यांच्या विश्लेषणावरून डिटमार यांनी १८८४ मध्ये दाखवून दिले की खुल्या सागरात क्षारता बदलली तरी प्रमुख आयनांचे परस्पर प्रमाण जवळजवळ स्थिर राहते. त्यानुसार आपल्या नमुन्यातील सोडियम ०.४६९ × ३४.८ ÷ ३५ = ०.४६६ मोल प्रतिकिलोग्रॅम ठरते.

या नियमास मर्यादा आहे. इर्ला नाला जुहूच्या बाजूस समुद्रास मिळतो. पावसाळ्यात त्याच्या मुखाजवळ घेतलेल्या नमुन्यात सागराचे पाणी केवळ विरल झालेले नसते, तर कॅल्शियम व बायकार्बोनेट यांचे निराळे प्रमाण असलेले जमिनीवरील पाणी त्यात मिसळलेले असते. अशा नमुन्यात कॅल्शियमची संहती क्लोराइडवरून काढणे उचित नाही, ती ई.डी.टी.ए. अनुमापनाने स्वतंत्रपणेच मोजावी लागते.