मिरजेचे वानलेस डॉक्टर आणि क्षय

रत्नागिरीहून आंबा घाट चढून मिरजेला गेलेल्यांना वानलेसवाडी ठाऊक असेलच. कॅनडाचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली इकडे आले. १८९४ साली त्यांनी मिरजेत इस्पितळ उघडले. हात शस्त्रक्रियेचा, पण क्षयापुढे चाकू काय करणार? म्हणून १९२० साली सांगली-मिरजेच्या मध्ये क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले. मोकळी हवा, विश्रांती, सकस अन्न, तेव्हा औषध म्हणाल तर एवढेच! वानलेस १९३३ साली वारले. स्ट्रेप्टोमायसीन सापडले १९४३ साली.

आमच्या तोडणी टोळ्यांत खोकला पाचटाच्या धुळीवर ढकलतात. दोन आठवडे टिकला तर थुंकी तपासून घ्यावी. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, बहुधा सहा महिने. मध्येच सोडल्या की जंतू औषधाला दाद देत नाहीत.