गरिबाघरी पोट का सुटते?

जाड माणसाला आपण ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतो. वस्तीत मात्र डाळ परवडत नाही आणि पोट सुटलेले, अशी घरे वाढत आहेत.

आपला बुलढाणा जिल्हा एकेकाळी ज्वारीचा. खामगाव, चिखली, मेहकरकडे त्या रानात सोयाबीन आले. सोंगणीच्या मजुरीत ज्वारी मिळायची, तीही गेली. रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, ते बहुतेक गहू-तांदूळ. डाळ, अंडी, भाजी विकतच. पैसा सरला की आपण भात वाढवतो, भाजीत तेल आणि चहात साखर वाढवतो. १ ग्रॅम तेलात ९ कॅलरी, धान्यात साधारण साडेतीन. पोट भरते, अंगाला पोषण मिळत नाही. सकाळीच निंदणाला जाणारी आई लेकराच्या हातात पाच रुपयांची पुडी देते. तिला दोष देणे आम्हाला पटत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात दिसले, की आपली बाळे कमी वजनाची जन्मली तरी त्यांच्या अंगात चरबीचे प्रमाण जास्त असते. पुढे मधुमेहाचा धोकाही वाढतो. म्हणून गरोदर सुनेच्या ताटात आधी डाळ-अंडे वाढा.

वजनकाटा नसेल तर शिवणाची टेप घ्या. कंबर बाईची ८०, पुरुषाची ९० सेंटीमीटरपेक्षा जास्त भरली, तर उपकेंद्रात साखर आणि रक्तदाब तपासा. तिशीनंतर ही तपासणी मोफत आहे.

पावसाळ्यात तरोट्याची भाजी फुकट मिळते. फक्त तणनाशक फवारलेल्या बांधावरची खुडू नका.