मुलांच्या वहीतून कीटकांची ओळख : फवारणीआधी मित्र कोण, शत्रू कोण ते जाणा

चवळी किंवा करडईच्या शेंड्यावर मावा दिसतो. त्याच माव्यात काळसर अंगाची, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी एक अळी फिरताना आढळते. अनेक जण तिला नवी कीड समजून फवारणीचा पंप उचलतात. प्रत्यक्षात ती ढालकिड्याची अळी असते आणि मावा खाऊन आपलेच काम करत असते. फवारणीत ती मेली, की उरलेला मावा पुन्हा झपाट्याने वाढतो आणि खर्चही दुप्पट होतो.

ही ओळख शेतात घाईगडबडीत होत नाही. ती घरी, सवडीने आणि मुलांसोबत सहज होते. त्यासाठी एक कोरी वही, रंगपेटी आणि साधे भिंग पुरेसे आहे.

चित्र काढल्याने नजर तयार होते

मारिया सिबिला मेरियन ही १६४७ मध्ये जर्मनीत जन्मलेली चित्रकार. कीटक चिखलातून किंवा कुजक्या पदार्थांतून आपोआप निपजतात, असे त्या काळी अनेकांना वाटत असे. मेरियनने लहान वयातच रेशीम किडे पाळले आणि अंडी, अळी, कोष, पतंग अशा सर्व अवस्था पाहून रंगवल्या. पुढे दक्षिण अमेरिकेतील सुरिनाममध्ये जाऊन केलेल्या निरीक्षणांचे तिचे सचित्र पुस्तक १७०५ मध्ये प्रसिद्ध झाले. कीटक आणि तो ज्या झाडावर जगतो ते झाड, दोन्ही एकाच पानावर दाखवण्याची तिची पद्धत आजही उपयोगी आहे. मुलांच्या वहीतही तसेच करावे.

चित्र काढायचे म्हटले, की बारकावे पाहावेच लागतात. मक्यावरील अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण असते आणि शेपटीकडील भागावर चौकोनात चार काळे ठिपके असतात. एकदा हे रंगवलेले मूल ती अळी सहसा विसरत नाही.

घरी करून पाहण्यासारखे उपक्रम

१. लिंबावरील फुलपाखरू
• कुंडीतील किंवा परसातील लिंबाच्या कोवळ्या पानांवर फिकट पिवळी, गोल अंडी शोधावीत. झाडावर फवारणी झालेली नसावी.
• अंडे असलेले पान रुंद तोंडाच्या बरणीत ठेवून तोंडाला पातळ सुती कापड बांधावे. अळी बाहेर आल्यावर रोज ताजे पान द्यावे, विष्ठा काढावी. कोषासाठी एक काडी उभी ठेवावी.
• लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते. काडीने हलकेच डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी शिंगांसारखा अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते.
• अंड्यापासून फुलपाखरापर्यंत हवामानानुसार साधारण तीन ते पाच आठवडे लागतात. फुलपाखरू पंख वाळल्यावर सोडून द्यावे.
• कधी कोषातून फुलपाखराऐवजी छोटी गांधीलमाशी किंवा माशी निघते. ती परोपजीवी मित्रकीटक असते. त्याचीही नोंद करावी.

हीच अळी रोपवाटिकेत किंवा लहान कलमांवर मोठे नुकसान करते, पण वाढलेल्या झाडाला तिचा फारसा फरक पडत नाही. कीड ठरते ती संख्येवर आणि पिकाच्या अवस्थेवर, हे मुलांना यातून कळते. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेल्या ब्लू मॉर्मनच्या, म्हणजे निलवंतच्या, अळ्याही लिंबूवर्गीय झाडांचीच पाने खातात.

२. सारखे दिसणारे, वेगळे वागणारे
वहीच्या समोरासमोरच्या दोन पानांवर पुढील जोडी काढावी.
• ढालकिडा : पाठ गुळगुळीत व चकचकीत. मावा असलेल्या शेंड्यावर आढळतो.
• वांग्यावरील एपिलॅक्ना भुंगेरा : आकार तसाच, पण पाठ निस्तेज, बारीक लव असलेली आणि ठिपके बरेच. अळी पिवळी व काटेरी. दोघेही पान खरवडून जाळीदार करतात.

पानावर बारीक दोऱ्यासारख्या देठाच्या टोकाला अंडी दिसली, तर ती क्रायसोपर्ला या मित्रकीटकाची आहेत. ती पुसू नयेत.

३. दहा झाडांची मोजणी
आठवड्यातून एकदा परसबागेतील दहा झाडे पाहून तारीख, पीक, कीड किती, मित्रकीटक किती असा तक्ता भरावा. आर्थिक नुकसानीची पातळी ओळखण्याचा हाच पाया आहे.

पुस्तकांची जोड

आधी पाहावे, रंगवावे आणि मग पुस्तकात शोधावे. फुलपाखरांसाठी आयझॅक केहीमकर यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बटरफ्लाइज’ हे छायाचित्रांचे पुस्तक उपयोगी आहे. पिकांवरील किडींसाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘कृषिदर्शनी’ घरात असल्यास तीच मुलांच्या हाती द्यावी. ओळख पटली नाही, तर चित्र किंवा फोटो कृषी सहायक किंवा कृषी विज्ञान केंद्राला दाखवावा.

काळजी काय घ्यावी?
• केसाळ अळ्यांना हात लावू नये. अंगाला खाज, पुरळ येते.
• फवारणी केलेल्या शेतात मुलांना नेऊ नये.
• कीटकनाशकाची रिकामी बाटली किंवा डबा, धुतलेला असला तरी, कीटक ठेवण्यासाठी वापरू नये.
• निरीक्षणानंतर हात साबणाने धुवावेत.

पुढच्या वेळी पिकावर अनोळखी अळी दिसली, तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी घरातील ही वही उघडून पाहा. माव्याच्या जवळ ढालकिडे, त्यांच्या अळ्या भरपूर असतील, तर फवारणी चार दिवस थांबवून पुन्हा मोजणी करा. मावा कमी होत असेल, तर ती फवारणी वाचली.