दुसऱ्या गिअरवर घाट

आंबा गाव मागे पडलं आणि समोरचा रस्ताच धुक्यात पुसला गेला. जुलैची संध्याकाळ, कोल्हापूर-रत्नागिरी एसटी, आणि मी चालकाच्या अगदी मागच्या सीटवर. मलकापुरात चहा झाल्यावर चालक काकांनी चिमूटभर तंबाखू समोरच्या काचेवर बाहेरून चोळली होती. त्यानं पाणी काचेवर साचत नाही, ओघळून जातं. आतून मात्र काच वाफेनं धूसर व्हायची. दर दोन वळणांनी काका फडकं फिरवायचे.

हवामान खात्याच्या हिशेबात 50 मीटरवरचं दिसेनासं झालं की ते अतिदाट धुकं. आम्हाला 20 मीटरही धड दिसत नव्हतं. समोरून एक मोटार अप्पर लावून आली. ‘‘काय दिसत असंल त्याला? स्वतःचाच उजेड परत डोळ्यात जातोय,’’ काका म्हणाले. खरंच आहे ते. धुक्याचे थेंब प्रकाश उलटा फेकतात. झोत वाढवला की पांढरी भिंतच उभी राहते. काकांचे दिवे डिपरवर, नजर डाव्या पांढऱ्या पट्टीवर आणि बाजूची काच चार बोटं खाली. चढून येणारा ट्रक दिसायच्या आधी ऐकू येतो ना!

ते सारखे वेगाच्या काट्याकडे बघत होते. ‘‘एरवी झाडं मागं पळत्यात, त्यावरनं अंदाज येतो. आता झाडंच न्हाईत.’’ ताशी 40 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तरी जवळपास 17 मीटर तिथंच संपले, आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबायची अजून बाकीच. म्हणून घाट दुसऱ्या गिअरवर.

‘‘अहो ड्रायव्हर, जरा ओढा की!’’ मागून कुणीतरी ओरडलं. काका बोलले नाहीत. खांदे तेवढे आणखी आखडले. धुक्यात नुसते डोळे थकत नाहीत, सगळा माणूस थकतो. साखरप्याला गाडी थांबली, तेव्हा ते बराच वेळ बोटांची उघडझाप करत बसले होते.

धुक्यात चालकाला घाई करू नका. स्वतः गाडी चालवत असाल तर अप्पर बंद करा, चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. आणि काहीच दिसेनासं झालं, तर जागा बघून गाडी पूर्ण रस्त्याबाहेर घ्या आणि थांबा.