वैमानिकाचा पगार आणि यादीतील क्रमांक

नवी मुंबईच्या विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली, आणि पेण, वडखळ, धरमतर या टापूत, जेथे मुलाच्या नोकरीची गोष्ट डोलवीचा पोलाद कारखाना, खाडीचा धक्का किंवा फार तर मुंबईचे एखादे दफ्तर यांपलीकडे सहसा जात नसे, तेथे बारावीला गणित आणि पदार्थविज्ञान घेतलेल्यांच्या घरी वैमानिकाच्या पगाराचे आकडे मोठ्या विश्वासाने सांगितले जाऊ लागले. हे आकडे सर्वस्वी खोटे नसतात. मात्र ते कोणत्या हुद्द्याचे, किती वर्षांच्या सेवेनंतरचे आणि कोणत्या अटींवरचे, याची चौकशी करण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

पहिला गैरसमज असा की वैमानिकाला सरकारी नोकराप्रमाणे दरमहा ठरीव रक्कम मिळते. वस्तुतः त्याच्या प्राप्तीत मूळ वेतन हा एक हिस्सा असून मोठा हिस्सा बहुधा उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो. विमान आपल्या जागेवरून हलले की तास मोजणीस प्रारंभ होतो आणि मुक्कामी ते थांबले की मोजणी संपते. त्यामुळे आषाढातल्या मुसळधार पावसात उड्डाण दोन तास खोळंबले आणि वैमानिक गणवेश चढवून विमानतळावर नुसता बसून राहिला, तर त्या दोन तासांचा उड्डाणभत्ता सामान्यतः त्याच्या पदरी पडत नाही. म्हणूनच करारनाम्यात किमान तासांची हमी आहे की नाही, हे कलम मूळ वेतनाच्या आकड्याहूनही महत्त्वाचे ठरते. 25 मार्च 2020 पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी उड्डाणे बंद राहिली, तेव्हा ज्यांची मिळकत तासांवर उभी होती त्यांना या कलमाचे मोल कळून चुकले. वर्षाला 1000 तासांहून अधिक उड्डाण करण्यास मनाई आहे हे ऐकून, म्हणजे दिवसाला तीन तासही काम नाही, असा हिशेब कोणी मांडतो. पण उड्डाणापूर्वीची हजेरी, दोन उड्डाणांमधली प्रतीक्षा आणि बोलावणे येईल म्हणून घरी सज्ज बसणे या हिशेबात कोठेच येत नाही.

दुसरा समज परवान्याचा. व्यावसायिक परवान्याला 200 तासांचे उड्डाण पुरते. बारामतीला किंवा शिरपूरला ते करता येते, आणि तो खर्च मध्यम स्थितीच्या कुटुंबाला जमीन विकावयास लावील इतका असतो. परंतु परवाना म्हणजे नोकरी नव्हे, आणि नोकरी म्हणजे कप्तानपद नव्हे. प्रारंभी उजव्या आसनावर सहवैमानिक म्हणून रुजू व्हावयाचे. पुढे 1500 तास, वरिष्ठ परवान्याच्या परीक्षा, वैद्यकीय तपासण्या आणि कृत्रिम विमानकक्षातील कसोट्या पार पाडल्यावर मनुष्य डाव्या आसनास पात्र ठरतो. पात्र ठरला तरी ते आसन रिकामे असावे लागते, आणि ते रिकामे झाले की प्रथम कोणाला बोलवावयाचे, हे ठरवते ती ज्येष्ठता यादी.

या यादीविषयीचे अज्ञान सर्वांत दाट आहे. ज्येष्ठता म्हणजे वय नव्हे, कौशल्य नव्हे, आणि एकूण अनुभवही नव्हे. त्या एका कंपनीत रुजू झाल्याच्या तारखेने मिळालेला तो क्रमांक होय. कोणी मोठ्या विमानाच्या प्रशिक्षणाला आधी जावयाचे, पसंतीचे ठाणे कोणाला द्यावयाचे, गणपतीत रजा कोणाची मंजूर व्हावयाची, या सर्व गोष्टी कमीअधिक प्रमाणात या क्रमांकाशी बांधलेल्या असतात. धरमतरच्या धक्क्याला लागणाऱ्या बार्जवरचा मुरलेला सारंग मालक बदलतो तेव्हा खाडीतल्या भरती-ओहोटीचे आपले ज्ञान बरोबर नेतो आणि त्याच्या जोरावर नव्या मालकाकडे भाव ठरवितो. वैमानिकही आपले तास बरोबर नेतो, त्यांच्या आधारे कप्तान म्हणूनच थेट नियुक्तही होऊ शकतो, पण यादीत त्याचे नाव सामान्यतः तळाशी लागते. 17 एप्रिल 2019 रोजी मुंबईची जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा तेथील जुन्या कप्तानांनी पगारासोबत हा वर्षानुवर्षे कमावलेला क्रमांकही गमावला, आणि माझ्या मते नुकसान या दुसऱ्याचेच अधिक होते, कारण थकलेल्या पगारासाठी निदान दावा तरी लावता येतो.

दोन कंपन्या एक होतात तेव्हा तर दोन याद्या एकीत ओवाव्या लागतात. 2007 साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले. नाव एक झाले, पण वैमानिकांच्या संघटना दोन, वेतनाच्या पद्धती दोन आणि बढतीच्या वाटाही दोनच राहिल्या. 2011 साली पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. त्यानंतर वेतन आणि बढती यांचा मेळ घालण्यासाठी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 2012 च्या आरंभी तिचा अहवाल आला. त्याच वर्षी उन्हाळ्यात दुसऱ्या पक्षाने 58 दिवस काम थांबविले, शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले. या दुसऱ्या संपाच्या मुळाशी पगारवाढीची मागणी नव्हती. बोइंग 787 हे नवे विमान यावयाचे होते, त्याच्या प्रशिक्षणाला पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिकही पाठविले जात होते, आणि त्यामुळे आपली कप्तानपदे लांबणीवर पडतील, ही एअर इंडियाच्या मूळ वैमानिकांची भीती होती. वर्तमानपत्रांतून तेव्हा 'लठ्ठ पगाराचे संपकरी' अशी हेटाळणी झाली. परंतु सहवैमानिक आणि कप्तान यांच्या प्राप्तीतील अंतर ध्यानी घेतले, तर पाच-सहा वर्षांचा विलंब म्हणजे आयुष्यभराच्या मिळकतीतली केवढी तूट, हे कोणाही हिशेबी माणसास पटावे. हेटाळणी करणाऱ्यांनी तो हिशेब मांडलाच नव्हता.

स्त्री-वैमानिकांना वेतन कमी असते, हा आणखी एक समज. क्रमांक आणि तास यांना लिंगभेद ठाऊक नसतो. भारतात स्त्री-वैमानिकांचे प्रमाण सुमारे 15 टक्के असून ते जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे आहे. 1985 साली कप्तान सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन या सहवैमानिकेसह कोलकात्याहून सिलचरला फोकर विमान नेले, तेव्हा देशमुख या इंडियन एअरलाइन्सच्या श्रेणीनुसारच्या कप्तान होत्या.

शेवटी राजीनाम्याविषयी. 'जास्त पगार दिसला की पायलट उद्याच दुसरीकडे' हे बोलणे सोपे आहे; 2017 च्या नियमाने कप्तानास एक वर्षाची आणि सहवैमानिकास सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते, शिवाय प्रशिक्षणाच्या खर्चापोटी लिहून दिलेला मुदतीचा करार बहुधा मानेवर असतोच. तेव्हा मुलाच्या हाती नेमणूकपत्र आले की आकड्यावरून नजर काढून तीन कलमे आधी वाचावीत: हमीचे तास किती, ज्येष्ठता कोणत्या तारखेपासून धरणार, आणि मुदत पुरी होण्याआधी सोडल्यास किती रक्कम भरावयाची.