आईची मांडी आणि धावती मोटार

बाप्तिस्म्याचा रविवार असला की चर्चच्या आवारात एक ठरलेले चित्र दिसते. मोटार येऊन उभी राहते. पुढच्या सीटवर मादिन किंवा आजी बसलेली असते आणि तिच्या मांडीवर पांढऱ्या झग्यातले महिन्या-दीड महिन्याचे बाळ. घरापासून चर्चपर्यंत त्याला सर्वांनी जपून आणलेले असते. वारा लागू नये म्हणून काच वर केलेली, कानावर टोपडे ओढलेले. या साऱ्या काळजीत एक गोष्ट मात्र राहून जाते. गाडी चालवणाऱ्याने पट्टा लावलेला असतो, पण बाळाला कशानेही बांधलेले नसते.

आईची मांडी ही सर्वांत सुरक्षित जागा, असे आपण मानतो. घरात ते खरेच आहे. धावत्या मोटारीत मात्र ते खरे नाही. ते का, हे प्रत्येक आईबापाने समजून घ्यावे म्हणून आजचा हा लेख.

माडाचा हिशेब

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कशावर आदळली तर गाडी थांबते, पण आतली माणसे त्याच वेगाने पुढे जात राहतात. हा आघात सुमारे १० मीटर, म्हणजे ३२ फूट उंच माडावरून खाली पडण्याइतका असतो. वेग ताशी ४० असला तरी २० फुटांवरून पडल्यासारखे होते. आपले मूल एवढ्या उंचीवर मोकळे बसलेले आपल्याला क्षणभर तरी पाहवेल काय?

आता मांडीचा विचार करू. १० किलो वजनाचे मूल अशा धक्क्याच्या क्षणी वीसपट जड होते. म्हणजे आईच्या हातात एकदम २०० किलोचा, ५० किलोच्या चार पोत्यांएवढा, भार येतो. इथे आईच्या मायेत काही उणे नसते, माणसाच्या हातात तेवढे बळच नसते. मूल हातातून सुटते आणि पुढच्या काचेवर किंवा सीटवर आदळते. आईने स्वतः पट्टा लावलेला नसेल तर तिच्या अंगाचा सगळा भार त्याच्यावर पडतो. काहीजण आई आणि मूल यांच्याभोवती एकच पट्टा लावतात. तसे कधीही करू नये. त्यामुळे मूल पट्टा आणि आई यांच्यामध्ये चिरडले जाते.

इतरांनी काय शिकले

अमेरिकेत टेनेसी राज्याने १९७७ साली लहान मुलांना मोटारीत खास सीटमध्ये बसवण्याचा कायदा केला. तो १ जानेवारी १९७८ पासून अमलात आला. अमेरिकेतला हा असा पहिला कायदा. त्यामागे डॉ. रॉबर्ट सँडर्स नावाच्या बालरोगतज्ज्ञाची खटपट होती. पण त्या कायद्यात एक पळवाट ठेवली गेली होती: मोठ्या माणसाने मूल हातात धरले तर चालेल. डॉक्टरांनी तिला कडाडून विरोध केला आणि १९८१ साली ती काढून टाकली गेली. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत असे कायदे झाले.

आपल्याकडचे उदाहरण फार दूरचे नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी व मजबूत होती. त्यात मागे बसलेले दोघे मरण पावले, आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. मागच्या सीटवर पट्टा कशाला, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपला कायदा

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्या कलम १९४-ब प्रमाणे १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांची खास सीट यांनी सुरक्षित न करता गाडी चालवली तर १,००० रुपये दंड आहे. दंड चालवणाऱ्याला होतो, मग तो बाप असो की मामा.

कोणत्या वयाला काय

१. तान्ह्या बाळाची सीट मागच्या बाजूला तोंड करून बसवावी. बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे व जड असते आणि मान नाजूक असते. अशा सीटमध्ये धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो. निदान दीड वर्षापर्यंत, आणि सीटमध्ये मावत असेल तर दोन वर्षांपुढेही, असेच बसवावे.

२. ही उलटी सीट हवेची पिशवी असलेल्या पुढच्या जागेवर कधीही ठेवू नये. पिशवी फुगताच तिचा तडाखा बाळाच्या डोक्याला बसतो. सर्व मुलांची जागा मागे.

३. त्यानंतर चार वर्षांपर्यंत पुढे तोंड केलेली, खांद्यावरून पट्टे असलेली सीट.

४. पुढे मुलाची उंची सुमारे साडेचार फूट होईपर्यंत उंच बैठकीची सीट वापरावी. तिच्यामुळे गाडीचा पट्टा गळ्यावर व पोटावर न येता खांद्यावर व कमरेच्या हाडावर येतो.

स्कूटर आणि शेतातली वाहने

पेडणे आणि डिचोलीत पुष्कळ घरी मोटार नसते, स्कूटर असते. धाकटे पुढे उभे, थोरले मागे आणि आई त्याच्या पाठी, अशी सारी मिस्सेला येतात. पुढे उभे असलेले मूल साधा ब्रेक मारला तरी हँडलवर आपटते. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. चार वर्षांखालील मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे: मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्ट्यांचा जाकीट, नऊ महिन्यांपुढील मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट, आणि वेग ताशी ४० पेक्षा कमी. त्याहून लहान बाळाला स्कूटरवर नेऊच नये.

ट्रॅक्टर एका माणसासाठी असतो. चाकावरच्या पत्र्यावर मुलाला बसवून शेतात नेणे हे कौतुक नव्हे. एका खड्ड्याने मूल मागच्या चाकाखाली जाऊ शकते. काजूच्या दिवसांत बागेत जाताना पिकअपच्या हौद्यात मुले भरणेही तितकेच धोक्याचे.

"आम्ही गावातल्या गावात जातो," असे काहीजण म्हणतील. पण मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पेडण्यातली वाहतूक पूर्वीची राहिलेली नाही, आणि डिचोली-साखळीच्या लोकांना खनिजाच्या ट्रकांविषयी वेगळे सांगायला नको. आपण सावकाश चाललो तरी समोरचा सावकाश येईल असे नाही.

फिर्गजीत काय करता येईल

सीटला काही हजार रुपये पडतात, आणि शेतकऱ्याला ते जड वाटतात हे खरे. पण पाळणा जसा एका घरातून दुसऱ्या घरी फिरतो, तशी सीटही फिरू शकते. फक्त ती अपघातात सापडलेली, तडा गेलेली किंवा फार जुनी नसावी, पट्टे शाबूत असावेत. पादिन-मादिन बाळाला सोन्याची साखळी घालतात. त्याऐवजी दोघांनी मिळून एक सीट दिली तर? बाळाला जपण्याचे वचन ते वेदीसमोर देतातच. ते घरी परतण्याच्या वाटेवरच पाळायला सुरुवात होईल.

आपल्यापैकी अनेकांच्या गाडीत संत ख्रिस्तोफरचे पदक टांगलेले असते. बाळ येशूला नदीपार नेणारा हा संत. परंपरेने त्याचे चित्र काढतात तेव्हा बाळ त्याच्या खांद्यावर असते आणि हातात भक्कम काठी असते. श्रद्धा असूनही त्याने काठी टाकली नाही. पदक असू द्यावे, प्रार्थनाही करावी, आणि गाडी सुरू करण्याआधी मागे वळून पाहावे की मुलाचा पट्टा लागला आहे की नाही.