बसलेले गाल : सुईआधी कारण शोधा

लग्नसराई जवळ आली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. घरात कार्य ठरलेले असते, जुन्या फोटोंचा अल्बम बाहेर निघालेला असतो, आणि पन्नाशीतील आई (अलीकडे वडीलसुद्धा) विचारतात, "डॉक्टर, गालफडे पार बसली. आता म्हणे इंजेक्शनने गाल भरतात. घेऊ का?" आपला चेहरा बरा दिसावा असे वाटण्यात गैर काहीच नाही. पण मी आधी उलट विचारतो : गाल किती दिवसांत बसले?

पाच-दहा वर्षांत हळूहळू बसले असतील तर तो बहुधा वयाचा भाग. पण चार-सहा महिन्यांत बसले, ब्लाउज सैल झाले, पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले, तर तो विषय सौंदर्याचा राहत नाही. काही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन शेकडा ५ ने घटले, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो कमी झाले, तर तपासणी झालीच पाहिजे. मधुमेह, क्षयरोग, थायरॉइडचा वाढलेला जोर, कर्करोग, मनाचे नैराश्य, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. अशा वेळी गाल भरून घेणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणे.

दुसरे कारण आपल्या भागात फार आढळते, ते म्हणजे दात. मिशरी, तंबाखू, गुटखा (२०१२ पासून राज्यात बंदी असूनही तो मिळतोच) यांनी हिरड्या खराब होतात आणि दात पडतात. दाढा गेल्या की गालाला आतून आधार राहत नाही. शिवाय दाताला धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजू लागते. ही झीज दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात सर्वांत जास्त होते. अशा माणसाला नीट बसणारी कवळी मिळाली की चेहऱ्यात मोठा फरक पडतो, आणि भाकरीही चावता येते. खर्चही बहुतेक वेळा इंजेक्शनांपेक्षा कमी. तेव्हा गालाकडे पाहण्याआधी तोंड उघडून पाहावे.

आता खऱ्या वयाकडे येऊ. चेहऱ्यातील मेद म्हणजे एकसंध थर नव्हे. तो लहान लहान कप्प्यांत असतो. वयाबरोबर आतले कप्पे आकसतात, वरचे खाली घसरतात, हाडेही थोडी झिजतात आणि त्वचेतील कोलॅजन कमी होते. म्हणून डोळ्यांखाली खळगे पडतात, गाल सपाट होतात आणि नाकापासून ओठांपर्यंतची घडी खोल दिसते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचे ऊन डोक्यावर घेऊन शेतात राबणाऱ्यांची आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची त्वचा लवकर सैल पडते. क्रीम चोळून आतला मेद परत येत नाही, मग डबीवर काहीही लिहिलेले असो. क्रीमने त्वचा मऊ राहते, तेवढाच तिचा उपयोग.

गाल भरण्याचे उपचार केवळ हौशी लोकांसाठी निघाले, असे मात्र नाही. एचआयव्हीवरील 'स्टॅव्ह्युडिन' या औषधाने अनेकांच्या गालांतील मेद पार नाहीसा होत असे. आपल्या देशात एप्रिल २००४ मध्ये सरकारने ही औषधे मोफत देण्यास सुरुवात केली, त्यात हेही होते. माणूस औषधाने वाचायचा, पण बसलेल्या गालांवरून लोक तर्क करायचे. त्याच वर्षी अमेरिकेत पॉलिलॅक्टिक आम्लाच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली, ती अशाच रुग्णांच्या गालांसाठी. स्टॅव्ह्युडिन पुढे मागे पडले.

आज सर्वाधिक वापर हायल्युरॉनिक आम्लाच्या जेलचा होतो. हा पदार्थ आपल्या त्वचेतही असतो. परिणाम लगेच दिसतो आणि साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतो. म्हणजे खर्च पुन्हा पुन्हा, आणि एका सिरिंजचा आकडाच हजारांत. याचा मोठा फायदा असा की काही बिघडले तर हायल्युरॉनिडेज नावाच्या औषधाने हे जेल विरघळवता येते. पॉलिलॅक्टिक आम्ल किंवा कॅल्शियमयुक्त जेल असे विरघळत नाही. दुसरा मार्ग म्हणजे पोटाची किंवा मांडीची चरबी काढून गालात भरणे. हे काम प्लास्टिक सर्जनचे. त्यातील काही चरबी पुढच्या महिन्यांत जिरून जाते. 'बोटॉक्स' मात्र वेगळे : ते स्नायू सैल करते, गाल भरत नाही. पातळ सिलिकॉन कोणी स्वस्तात टोचून देतो म्हणाला, तर तेथून उठून यावे.

आता धोका. थोडी सूज, काळानिळा डाग हे चालायचेच. पण जेल चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरू शकते. क्वचित ते डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत पोहोचते आणि कायमचे अंधत्व येते. चरबीच्या इंजेक्शनानेही हे घडू शकते. टोचताना किंवा नंतर तीव्र वेदना, त्वचा पांढरी वा जाळीदार निळसर होणे, अंधूक दिसणे, यांपैकी काही झाले तर घरी जाऊन शेक देत बसू नये. तिथेच डॉक्टरांना सांगावे. डोळ्याच्या बाबतीत हाताशी तास-दीड तासच असतो.

म्हणून ही सुई ब्यूटी पार्लरमध्ये घेऊ नये. मी स्वतः एमबीबीएस, मीही ती देत नाही. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन गाठावा. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. निदान सल्ल्यापुरते तेथील त्वचारोग विभागात जाता येते. "हायल्युरॉनिडेज इथे ठेवता का?" असे डॉक्टरांना सरळ विचारावे. साखर आटोक्यात आणावी, दातांची कामे आधी उरकावीत. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर तसे सांगावे, पण ती आपल्या मनाने बंद करू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी थांबावे. कार्याच्या आदल्या आठवड्यात तर मुळीच घेऊ नये, निदान महिनाभर आधी घ्यावे. सिरिंजचे खोके आपल्यासमोर उघडायला सांगावे, आणि त्यावरील नाव व बॅच क्रमांकाची चिठ्ठी आपल्या फाइलला चिकटवून घ्यावी.